दशरथ विरुद्ध दिग्विजय

एकाहत्तर सालचा विजेता दशरथ आणि सत्त्याण्णव सालचा विजेता दिग्विजय, दोघेही ऐन उमेदीत, एकाच रिंगमध्ये उतरले तर कोण जिंकेल? नाना पेठेतल्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न शंभरदा निघाला होता आणि शंभरदा विझला होता, कारण उत्तरावर कोणाचंच काही अडलेलं नव्हतं. दोन हजार तीन साली मुष्टियुद्ध मंडळाने तो कॉम्प्युटरला विचारायचं ठरवलं आणि तिथे घात झाला.

मंडळाला पन्नास वर्षं होत होती. अध्यक्ष उत्तरेश्वर हे बिल्डर. त्यांनी बाणेरला नवीकोरी अकादमी उभी केली होती आणि पेठेतली मंडळाची जुनी पत्र्याची शेड पाडून तिथे पार्किंग करायचं घाटत होतं. अकादमीचा मुख्य प्रशिक्षक कोण, यावरून दोन तट पडले. अर्ध्यांना दशरथ हवे होते. त्यांनी त्या शेडमध्ये तीस वर्षं पोरं घडवली होती, आणि पिंपरीच्या कारखान्याने व्हीआरएस देऊन घरी बसवल्यापासून तर ते दिवसभर तिथेच असत. उरलेल्यांना दिग्विजय हवा होता. तोही त्याच शेडमध्ये, दशरथांच्याच हाताखाली तयार झालेला. पण इंग्रजी बोलायचा आणि फोटोत बरा दिसायचा.

अध्यक्षांना कोणाचाच रोष नको होता. "कॉम्प्युटर ठरवेल," ते सभेत म्हणाले. "जिंकेल तो प्रमुख. मशीनला जात ना गोत." हे म्हणताना दशरथांकडेच बघायचं काही कारण नव्हतं. पण बघितलं.

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची इमारत अध्यक्षांच्या मालकीची होती, तेव्हा प्रोग्राम कोण लिहिणार हा प्रश्नच नव्हता. काम पडलं मैत्रीच्या गळ्यात, आणि मैत्री म्हणजे दशरथांची मुलगी. तिने मॅनेजरला तसं स्पष्ट सांगितलं. मॅनेजर खूश झाला. "ग्रेट! म्हणजे डोमेन नॉलेज घरातच आहे!" अशा माणसांपुढे डोकं आपटण्यात अर्थ नसतो, फक्त डोकं दुखतं.

एकाहत्तरच्या लढतीचं चित्रीकरण कुठून असणार? म्हणून मॅनेजरने कंपनीतलाच उपाय काढला. प्रत्येक विजेत्याने स्वतःला दहापैकी मार्क द्यायचे: ठोशाची ताकद, पायांची चपळाई, दम, बचाव, धीर. शिवाय ज्याच्या त्याच्या प्रशिक्षकाने आपल्या शिष्याला द्यायचे. दोन्हींची सरासरी काढायची आणि लढत लावायची.

मैत्रीने फॉर्म घरी आणला. बाबांनी चष्मा लावला, पेन झटकलं आणि परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. ताकद, सहा. "माझा ठोसा खाऊन दोघं परत उभे राहिले होते." चपळाई, सात. दम, सहा. बचाव, सहा. धीरापाशी ते बराच वेळ थांबले.

"बरगडीला चीर गेलेली असताना फायनल मारलीत तुम्ही," मैत्री म्हणाली.

"मारली. पण घाबरलो होतो." त्यांनी पाच लिहिले.

त्यांचे वस्ताद दत्तोबा पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत: बढाई मारणाऱ्याची हनुवटी आपोआप वर जाते, आणि वर गेलेली हनुवटी मार खाते. बाबांनी हे असं अंगात मुरवून घेतलं होतं की जिंकल्याचा कपसुद्धा घरात कपाटाच्या आत असायचा. मग त्यांनी प्रशिक्षक म्हणून दिग्विजयचा फॉर्म घेतला आणि हात सैल सोडला. नऊ, नऊ, दहा, नऊ, दहा. "आपल्या पोराचं कौतुक आपण नाही करायचं तर कोणी?" दत्तोबा वारून वीस वर्षं झाली होती. बाबांच्या फॉर्मवरचा वस्तादांचा रकाना रिकामाच राहिला.

"आणि आकड्यांना हात लावायचा नाही," उठताना ते म्हणाले. "मुलगी आहेस म्हणून सांगतो."

मैत्रीने हात लावला नाही. पण एक गोष्ट तिला ठाऊक होती आणि ती तिने गिळली. कंपनीत पहिल्या वर्षी असाच फॉर्म आला तेव्हा तिनेही इमानेइतबारे सहा-सहा लिहिले होते. मॅनेजरने ते तसेच मान्य केले आणि बढती शेजारच्या टेबलावर गेली. तिथे सगळे नऊ होते. तेव्हापासून मैत्री डोळे मिटून नऊ लिहायची. जगात सगळेच नऊ लिहितात, हे बाबांना सांगायचं तर स्वतःचे नऊ उघडे करावे लागले असते. तिला लाज वाटली. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने प्रोग्राममध्ये लिहिलं: प्रशिक्षकाचा रकाना रिकामा असेल तर खेळाडूचेच मार्क पुन्हा धरावेत. नियम बिनचूक होता. दिग्विजयने स्वतः भरलेला फॉर्म संध्याकाळी आला. पाचही ठिकाणी दहा.

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. पडद्यावर निळ्या चड्डीतला दशरथ आणि लाल चड्डीतला दिग्विजय उड्या मारू लागले, आणि चौथ्या फेरीत निळा आडवा झाला. दहा आकडे मोजून झाले तरी उठला नाही. बाबा खुर्चीत पुढे सरकले होते, त्याला उठवायला निघाल्यासारखे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि अध्यक्षांनी माइकवर शिष्याकडून हरण्यातच गुरूचा खरा विजय असतो वगैरे गोड बोलून दशरथांच्या हातात नारळ दिला. तीस वर्षांचं काम एका नारळात उरकलं.

दिग्विजयने पायांना हात लावला. "सर, तुम्ही अधूनमधून येत जा अकादमीत. मोटिव्हेशनल लेक्चर ठेवू."

"शिकवणारे बोलत नाहीत रे, शिकवतात," बाबा म्हणाले आणि चालू लागले.

घरी आल्यावर ते जेवायला बसले. मैत्रीने ताट वाढलं. अर्धी भाकरी झाल्यावर बाबांनी विचारलं.

"दिग्याने स्वतःला किती दिले होते?"

"सगळीकडे दहा."

"हं. तुमच्या ऑफिसात पण असे फॉर्म असतात?"

"असतात."

"तू किती देतेस?"

मैत्रीने भांड्याकडे बघत सांगितलं, "नऊ."

बाबांनी घास खाली ठेवला. "म्हणजे सगळे असंच लिहितात, हे तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बदललं नसतं, बाबा."

"नसतंच बदललं. सहाच लिहिले असते." त्यांचा आवाज चढला नाही, हेच तिला सोसवेना. "पण मग मी जाणूनबुजून हरलो असतो. दिग्याने मला हरवलं, त्याचं काही नाही, तो लढला. तू मला येडा बनवून रिंगमध्ये सोडलंस."

ते उठले आणि अर्धं ताट तसंच टाकून हात धुवायला गेले. अन्न टाकलेलं त्यांना कधी चालत नसे.