गोमुखीतला उलटा अंगठा

"आता माय बोलनार! कोनी खोकायचं नही, कोनी हलायचं नही, मोबाइल बठ्ठासना बंद! नहीतर व्हायब्रेशन तुटतस!"

झुलाल महाराजांनी एवढं म्हटलं मात्र, केळीच्या पॅकिंग शेडमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी श्वास आवरला. एरवी त्या पत्र्याखाली घड धुवायचे, फण्या कापायच्या, खोकी भरायची. आज तिथं पाटावर कानबाई बसली होती. नारळाचीच, खानदेशात श्रावणात घरोघर बसते तशी. नाकात नथ, कपाळी मळवट, अंगावर जरीचा खण, भोवती झेंडूचा ढीग. फरक एवढाच, की घराघरातल्या कानबाया पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसून पूजा घेत आल्या, आणि ही बोलत होती.

पाटाशेजारी मांडी घालून महाराज जप करत होते. उजवा हात भगव्या गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, डोळे मिटलेले.

टिक. टिक. टिकटिक. टिक.

"माय काकणं सावरी राह्यनी," बायका कुजबुजल्या.

आणि नारळातून बाईचा आवाज आला, "निंबाबाई."

"मीच! मीच निंबाबाई!" पुढच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली आणि ढसाढसा रडायला लागली. "मायले मनं नाव कसं कळनं व!"

आदल्या दिवशी नंबर लावताना तिनं आपलं नाव, गाव आणि दुखणं फोनवर सविस्तर सांगितलं होतं. पण देवी नाव घेऊन हाक मारते तेव्हा कालचा फोन कोणाला आठवतो?

"नारळाला तीन डोळे का असतात?" महाराजांनी डोळे न उघडताच गर्दीला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "एक भूत, एक भविष्य, एक वर्तमान! सायन्सवाले आत्ता आत्ता शोधू राह्यले. आपल्या मायला आधीपासून ठावं!"

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या लतानंही हात जोडले. तिच्या उजव्या हाताला तिची मुलगी हर्षाली, पलीकडे सासरे अभिमन आबा. लताचा नवरा केळीचा ट्रक घेऊन उत्तरेत गेला होता. घरात आबांचा शब्द चाले, आणि नंबर आबांनीच लावला होता.

टिक. टिक. टिकटिकटिक. टिक.

"हर्षाली."

पोरगी हात जोडून पुढं गेली. पुन्हा टिकटिक झाली, या वेळी बराच वेळ.

"गोळी बंद." पुन्हा टिक. "गोळी खाशी, भाऊवर येई."



हर्षालीला सहावीत असताना पहिली फिट आली होती. भर वर्गात. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, सकाळी एक, रात्री एक, आणि लताला बजावलं, "ताई, जग बुडालं तरी गोळी चुकवायची नाही." लतानं ती चुकू दिली नाही. सोमवारचा उपास, चतुर्थीचा चंद्रोदय, तुळशीचं पाणी आणि हर्षालीची गोळी, हे सगळं तिच्या एकाच नेमात बसलं होतं. आता पोरगी आठवीत होती. फिट परत आली नव्हती.

आणि आता देवी म्हणत होती, गोळी बंद.

घरी आल्यावर आबांनी गोळ्यांची पाकिटं उचलून केळीच्या बागेत भिरकावली. लतानं मागच्या दारानं जाऊन वाकून वाकून ती वेचून आणली. रात्री पाण्याच्या पेल्यासोबत गोळी पुढं केली, तर हर्षालीनं ओठ घट्ट मिटले.

"आई, मी नाही घेणार. भाऊवर येईल."

भाऊ म्हणजे तिचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा. तो तिथंच खाटेखाली ट्रक ट्रक खेळत होता.

"अगं बाळा, डॉक्टर..."

"डॉक्टर मोठा का माय मोठी?" ओट्यावरून आबा गरजले. "पोरीले कळस, तुले कळत नही!"

लता दवाखान्यात फोन करून बोलली. डॉक्टर म्हणाले, एकदम गोळी तोडणं फार धोक्याचं, आजच सुरू करा. ती परत पेला घेऊन गेली. हर्षालीनं तोंड फिरवलं. जबरदस्ती केली तर पोरगी गोळी जिभेखाली धरून न्हाणीत थुंकून आली. वर भावाच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना.

त्यानंतर लताचा जीव एका जागी ठरेना. भाकरी तव्यावर जळायची, दूध उतू जायचं. हर्षाली शाळेतून येईपर्यंत ती अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून अंगणात करायची. एका सकाळी वेणी घालताना पोरीच्या हाताला हिसका बसला आणि फणी उडून पडली. "काही नाही आई, सटकली," हर्षाली म्हणाली. पण पहिल्या फिटच्या आधीही असंच हातातून पेन उडायचं. लताला ते आठवलं.

शेजारच्या बेबाबाई अक्का तेवढ्यात ताक मागायला आल्या. लताचा चेहरा बघून तिथंच टेकल्या.

"एक सांगू का पोरी? कानबाईना परसादना रोट बी आपन उंबराबाहेर देतस नही. घरनी माय, घरनाच रोट. अन् ही माय टेम्पोमा बसीन गावोगाव हिंडस? माले तं पटत नही. पन मी म्हातारी, माले कोन इचारस?"

"अक्का, कानबाई खोटं बोलेल का?"

"कानबाई कशाले खोटं बोलई!"

तेच तर लताच्या मनात घोळत होतं. कानबाई खोटं बोलणार नाही. डॉक्टरही खोटं बोलत नाहीत, कारण गोळीनं फिट थांबलेली तिनं डोळ्यांनी बघितली होती. मग नारळातून बोलतंय कोण?

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालून ती जपाला बसली. मन लागेना, पण नेम तो नेम. गोमुखीत हात घातला, तर्जनी बाहेर ठेवली, अंगठ्यानं एकेक मणी आत ओढू लागली. मणी आला, गेला. मणी आला, गेला. एकाच दिशेनं. शेवटी माळेच्या टोकाचा मेरुमणी लागला तेव्हा तिनं सवयीनं माळ फिरवली आणि मागे आली. मेरू ओलांडायचा नसतो.

आणि अचानक तिचा हात थांबला.

झुलाल महाराजांचा अंगठा! गोमुखीच्या कापडाआडून तो तिला दिसला होता. तेव्हा नुसता दिसला होता, आता कळला. तो मणी ओढत नव्हता. तो गोल फिरत होता. पुढं गोल, मग जरा उलटा गोल, मग पुन्हा पुढं. तर्जनीही आतच होती. असा जप लतानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

पण असा अंगठा मात्र पाहिला होता. कुठं? बसमध्ये, शेजारच्या सीटवर, सदऱ्याच्या खिशात.

तिनं गोमुखी डोळ्यांना लावून खाली ठेवली आणि धुळ्याला फोन लावला. तिचा धाकटा भाऊ भूषण तिथं कॉलेजात इतिहास शिकवायचा. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं, आणि गोल चाकाचा एक जुना म्युझिक प्लेअर त्याच्या खिशात कायम असायचा.

"भूषण, तुझ्या प्लेअरचं चाक फिरवताना टिकटिक वाजतं ना रे?"

"वाजतं. दर नावाला एक टिक. का गं ताई?"

"आणि मग बाई बोलते."

"बोलते की. कंपनीनं त्याला मुकंच बनवलं होतं, गाणी वाजवायची आणि गप्प बसायचं. पुढं जगभरच्या हौशी लोकांनी त्याच्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट वाटून टाकलं. ते टाकलं की प्लेअर यादीतलं नाव न् नाव वाचून दाखवतो. माझ्यासारख्याला चाक फिरवून ऐकत ऐकत हवं ते सापडतं. आणि नावं कोणाच्याही आवाजात भरता येतात. दिवाळीला नाही का मी तुझ्या आवाजात भरून घेतलं होतं, 'कीर्तन', 'व्याख्यान', 'झोप आता गाढवा'?"

लता हसली नाही. तिनं शेडमधलं सगळं सांगितलं. टिकटिक, काकणं, हर्षालीचं नाव, गोळी.

भूषण आधी मोठ्यानं हसला. मग त्याचं हसणं मध्येच तुटलं. "गोळी किती दिवस बंद आहे?" त्यानं विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाला, "मी उद्याच निघतो."

तो अमळनेरवरून बस बदलून आला. आल्या आल्या त्यानं लताच्या आवाजात दोन शब्द नव्यानं भरून घेतले आणि भाचीला प्लेअर ऐकवला. हर्षाली नीट ऐकून घेऊन म्हणाली, "मामा, हा तुझा डबा आहे. मातेच्या नारळात डबा थोडाच असतो?"

"अन् दिसत नही त्याले, तो आमले दाखवाले ऊना!" आबांनी टोमणा हाणला.

"आबा, दिसत नाही म्हणूनच ऐकायला आलोय," भूषण म्हणाला. "रविवारी चला की सगळेच."

रविवारी शेड पुन्हा भरली. भूषणनं फोनवर लोटन या खोट्या नावानं नंबर लावला होता आणि दुखणं सांगितलं होतं, बायको माहेरी निघून गेली. टिकटिक झाली. नारळ बोलला, "लोटन." टिकटिक. "बायको परत येई."

भूषण काठी टेकत उभा राहिला. "महाराज, माझं नाव भूषण. आणि लग्नच झालं नाही, तर बायको येणार कुठून?"

शेडमध्ये खसखस पिकली. पण झुलाल महाराज कसले गडबडतात!

"मागल्या जन्मीची बायको!" ते कडाडले. "माय तीन काळ बोलते. आंधळ्या, तू या जन्माचंच ऐकतोस!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. "बरोबर शे! मागला जन्म!" कोणीतरी भूषणच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. लतानं हर्षालीकडं बघितलं. पोरगी टाळ्या वाजवत होती, आणि टाळी वाजवता वाजवता तिच्या डाव्या हाताला पुन्हा तसाच हिसका बसला.

लता उठली. चारचौघांत तिला कधी मोठ्यानं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. आताही तिचा आवाज हळूच होता, म्हणून ऐकायला सगळेच गप्प झाले.

"महाराज, मी रोज माळ ओढते. माझं कुठं चुकतं ते सांगाल का? मेरुमणी आला की तुम्ही काय करता?"

"मेरू?" महाराजांनी एक डोळा उघडला. "मेरू म्हणजे... ओलांडतो! आम्ही सिद्ध. आम्हाला मेरू आडवत नाही."

बायकांच्या बाजूला कुजबुज उठली. बेबाबाई अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"मेरू वलांडस? आरे, आमन्या अडाणी सासवासले बी कळे, मेरू वलांडतस नही!"

"महाराज," लता तशीच हळू म्हणाली, "मग तुमची माळ जरा खाली ठेवा. ही माझी गोमुखी घ्या. मातेला माझ्या माळेवर बोलू द्या. माता तर सगळ्यांचीच."

"आमच्या माळेत पॉवर भरलेली..."

"ठी दे ना भो माळ!" मागून एकजण ओरडला. "मायले माळ लागस का?"

तेवढ्यात कुठूनशी टिकटिक झाली. टिक. टिक. सगळ्यांनी नारळाकडं बघितलं. महाराजांनीही बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांचा अंगठा हललाच नव्हता.

"हर्षाली. गोळी घे."

आवाज भूषणच्या झोळीतून आला होता. त्यानं प्लेअर आणि त्याला जोडलेला हाताच्या तळव्याएवढा स्पीकर वर धरला. "माझी माय झोळीत बसते," तो म्हणाला. "महाराजांची गोमुखीत. आता महाराज, काढा हात बाहेर."

महाराजांनी हात काढला नाही. ते उठले आणि मागच्या दाराकडं पळाले. आणि तेव्हा अख्ख्या शेडनं तो खरा चमत्कार पाहिला. झेंडूचा ढीग फुटला, नारळ पाटावरून घसरला आणि खणासकट, नथीसकट महाराजांच्या मागोमाग निघाला! खणाखालून निघालेली काळी वायर गोमुखीत जात होती.

लतानं झेप घेतली. महाराजांना नाही, नारळाला धरलं. जमिनीवर फरफटू दिला नाही, पदरात घेतला. वायर ताणली, गोमुखी सुटली आणि चाकाचा प्लेअर खळकन फरशीवर पडला. नारळ मागून कापलेला होता, आत खोबऱ्याच्या जागी स्पीकर. महाराजांना दारातच लोकांनी अडवलं. आबांनी हात उगारला होता, पण लता म्हणाली, "आबा, मारू नका. पोलिसांना येऊ द्या." गावच्या पोलीस पाटलांनी फोन लावला.

प्लेअर हर्षालीनं उचलला. कोणी काही सांगितलं नाही. तिनं अंगठा चाकावर ठेवला आणि वायर पुन्हा खोचली. टिक. आईच्या पदरातला नारळ बोलला, "गोळी बंद." टिक. "नवस फेड." अंगठा उलटा. टिक. "गोळी बंद." तीच बाई, तोच आवाज, तिच्याच अंगठ्याखाली. मग तिनं मामाचा प्लेअर मागून घेतला आणि त्याचं चाक फिरवलं.

"गोळी घे."

"मामा, हा आईचा आवाज आहे."

"हो."

तिनं दुसऱ्या हातातल्या प्लेअरकडं बघितलं. "मग हा पण कोणाच्या तरी आईचाच असेल. मातेचा नाही."

लतानं डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. आता लगेच गोळी द्या, उद्या जळगावला घेऊन या, ते म्हणाले. पाकीट लताच्या पिशवीत होतं, गोमुखीच्या शेजारी. पाणी आणायला आबाच उठले. त्यांनी पेला भरून आणला आणि नातीपुढं धरला.

त्या श्रावणात लताच्या घरी कानबाई बसली, रोट झाले, घरच्यांनीच खाल्ले. कानबाई काही बोलली नाही. तिनं कधी बोलायचं असतं, असं लताला वाटलंही नाही. देवाला हात जोडायचे ते जोडावेत, नेम पाळायचे ते पाळावेत. पण देवाच्या नावानं जो औषध सोडायला सांगतो, त्याचे हात आधी कापडाबाहेर काढायला लावावेत. आवाज आला तर तो कुठून आला ते विचारावं. नाव कळलं तर आपण ते कोणाला सांगितलं होतं ते आठवावं. एवढं विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही. रागावतो तो फक्त वायर धरून बसलेला.

रोज सकाळी लता तुळशीला पाणी घालते, हर्षालीला गोळी देते आणि मग माळ हातात घेते. मेरू आला की थांबते.