मंजुळाचा खटला उभा राहिला नाही

गिरण्यांच्या संपात दिवाळी कोरडी गेली, तेव्हा मंजुळाने कामाला बाहेर पडायचं ठरवलं. तिचा नवरा जयवंत गिरणीत साच्यावर कापड विणायचा. बायकोने दुसऱ्याच्या घरी भांडी घासावीत हे त्याला सोसवत नव्हतं. त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं, आणि काळाचौकीच्या चाळीत ते सगळ्या मजल्याने ऐकलं.

"गिरगावात एका म्हातारीचा स्वयंपाक करायचाय," मंजुळा म्हणाली. "मामा नेतायत आज. लालबागच्या दोघीतिघींना त्यांनीच काम लावून दिलान."

"कोण मामा?"

"देवळापाशी बसतात ते, पांढऱ्या टोपीवाले."

"तू जाणार नाहीस."

"मग आपल्या राधाच्या पानात काय वाढू? तुमच्या घोषणा?"

ती गेली. संध्याकाळी परत आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

जयवंत पोलीस स्टेशनात गेला. मामाचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. हवालदाराने मान वर न करता विचारलं, "संपवाला ना? भांडण झालेलं?"

"झालेलं."

"मग माहेरी गेली असेल. आजकाल रोज एक येतो असा."

मामाला शोधायला कुणी गेलं नाही. पण काही दिवसांनी चाळीत चौकशी झाली, भांडणाची गोष्ट निघाली आणि जीप येऊन जयवंतलाच घेऊन गेली. बायकोला कुठे टाकलंस, एवढंच ते विचारत आणि पट्ट्याने मारत. शेवटी तो म्हणाला, "हो, मीच मारलं." कुठे टाकलं ते मात्र त्याला सांगता येईना, कारण त्याला ठाऊकच नव्हतं. प्रेत नाही, पुरावा नाही, म्हणून त्याला सोडून दिलं.

तो लंगडत चाळीत परतला, तेव्हा सासू सोनूबाई गावाहून आली होती. तिने राधाचे कपडे बोचक्यात बांधले होते.

"माझी एक खाल्लीस," ती म्हणाली. "ही नाय देणार."

आठ वर्षांची राधा आजीच्या पदराआड उभी होती. बापाने हात पुढे केला तशी ती आणखी मागे सरली.

संप कधी मिटला असं कुणी सांगितलंच नाही. गिरणीने जयवंतला परत घेतलं नाही. तो लोअर परळला एका गोदामावर वॉचमन झाला. वर्षातून एकदा गावी जायचा. राधा पाणी आणून द्यायची आणि आत निघून जायची.

मग काही वर्षांनी दादरला एका बँक मॅनेजरच्या बायकोचा खून झाला. तिच्याकडे मोलकरीण लावून देतो म्हणून एक म्हातारा यायचा. पेपरांनी रान उठवलं, मंत्र्यांनी लक्ष घातलं आणि आठवड्याभरात मामा सापडला. पहिल्या पानावर त्याचा टोपीतला फोटो आला. त्याने पोलिसांना सगळं सांगितलं. संपाच्या काळात गिरणगावातल्या कितीतरी बायका त्याने कामाच्या नावाखाली नेल्या, गळा दाबला, अंगावरचं सोनं काढून घेतलं. मंजुळाला शिवडीच्या खाडीत टाकलं होतं. तिथे तेव्हा एक प्रेत लागलं होतंही. बेवारस म्हणून पोलिसांनी त्याची विल्हेवाट लावली. जयवंतची तक्रार त्याच पोलीस स्टेशनात पडून होती, पण ओळख पटवायला त्याला कुणी बोलावलं नाही.

जयवंत सरकारी वकिलांकडे गेला. ते भले गृहस्थ होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली.

"मंजुळाची केस मी घेऊ शकत नाही," ते म्हणाले. "पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. प्रेत नाही, साक्षीदार नाही."

"त्याने स्वतः सांगितलंय ना साहेब."

"तुम्हीही सांगितलं होतं." वकिलांनी आवाज खाली आणला. "त्याचा वकील विचारणार, पोलिसांनी आधी नवऱ्यालाच धरला होता, तोही हो म्हणाला होता, मग ही कबुली तरी खरी कशावरून? ज्यांचे दागिने त्याच्याकडे सापडले, त्या केसेसही एका मंजुळापायी ढिल्या पडतील. तो सुटलेला चालेल तुम्हाला?"

जयवंत खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, "नको. सुटायला नको."

निकालाच्या दिवशी त्याने राधाला बोलावून घेतलं. ती आता कॉलेजात जाऊ लागली होती. सोनूबाईसोबत ती मागच्या बाकावर बसली. न्यायाधीशांनी नावं वाचली. मॅनेजरच्या बायकोचं आलं, आणखी दोघींचं आलं. मामाला फाशी झाली. मंजुळाचं नाव आलं नाही.

"म्हणजे हिला त्याने नाय मारलान," सोनूबाई बाहेर येऊन म्हणाली आणि जयवंतकडे पाठ करून उभी राहिली.

त्याने राधाला सगळं समजावून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "पोलिसांना तुम्ही खरंच हो म्हणालात?"

"हो."

"का, बाबा?"

"मार थांबावा म्हणून."

राधाचे डोळे भरून आले. "तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो मला," ती म्हणाली. "पण लहानपणापासून उलटं ऐकत आलेय. आज त्यांनी आईचं नाव घेतलं असतं ना, तर मी इथेच राहिले असते."

परळच्या डेपोत जयवंतने त्यांचं सामान एसटीत चढवून दिलं. राधाने खिडकीतून हात बाहेर काढला, त्याच्या मनगटाला क्षणभर धरलं आणि गाडी हलली तसं सोडलं. गाडी वळणापलीकडे गेली. संध्याकाळी त्याची ड्यूटी होती. तो गेला नाही. डेपोच्या बाकावर बसून तो लहान पोरासारखा रडला, आणि शेजारची माणसं सामान उचलून दुसरीकडे जाऊन बसली.