पाऊण इंच

उस्ताद पाण्याच्या टाकीवर चढला, त्या दिवसापासून मशीनवालीने त्याला, आपल्या नवऱ्याला, नजरेआड होऊ दिलं नव्हतं.

"झाकण नीट बसलंय का बघत होतो," खाली उतरल्यावर तो म्हणाला होता. झाकण तर आठवडाभर खाली अंगणात पडून होतं, त्यावर शेजारणीचं मांजर झोपायचं. तिने शिलाईचं मशीन ओढत दाराच्या तोंडाशी आणलं आणि तिथेच बसून शिवायला लागली. आता त्याला बाहेर पडायचं तर तिच्या पायांवरून जावं लागे. ब्लाउज न्यायला आलेली बाई म्हणाली, "बरं केलंत, उजेडात बसलात." ती नुसतं "हो ना" म्हणाली.

वीस वर्षं ट्रक चालवणारा माणूस. वाट अवघड असली की लोक म्हणत, उस्तादला बोलवा. हे नाव काही चेष्टेने पडलेलं नव्हतं. पण आता कोणी त्या नावाने हाक मारली की त्याची मान खाली जायची.

झालं होतं असं. डोंगरावर विजेचे मनोरे उभे राहत होते आणि त्यांचं लोखंड वर पोचवायचं काम त्याला मिळालं होतं. रस्ता कसला, नुसते दगड. ट्रकचं पोट घासायचं. मशीनवालीच्या थोरल्या भावाचं कमानपाट्यांचं, म्हणजे ट्रकच्या चाकांवरच्या स्प्रिंगांचं, गॅरेज होतं, वडिलांपासून चालत आलेलं. त्याने गाडी चार इंच उचलून दिली. पुढे नवे पाटे घातले, मागे पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले. गाडी दिमाखात उभी राहिली. पण पहिल्याच फेरीनंतर उस्ताद म्हणाला, "दादा, गाडी तिरकी चालतेय. स्टिअरिंग सारखं डावीकडे धरून ठेवावं लागतं."

"उंची वाढली की असं वाटतं, दाजी. होईल सवय," दादा म्हणाला. उस्तादने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा गॅरेजमधल्या चार माणसांदेखत तो म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले. उस्तादही हसला, आणि मग पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

पाचव्या फेरीला, उतारावरच्या एका ओल्या वळणावर, मामा खाली उतरला. मामा म्हणजे त्याचा क्लीनर. नात्याने कोणाचाच मामा नव्हे, पण चौदा वर्षं उस्तादबरोबर एका ताटात जेवलेला माणूस. डाव्या बाजूच्या कातळाला पाठ लावून तो "येऊ दे, येऊ दे" करत होता. उस्तादने ब्रेक दाबला. ट्रकचं मागचं अंग एकदम डावीकडे फेकलं गेलं, आणि चाक न् कातळ यांच्यामध्ये मामाचा पाय सापडला. गुडघ्याखालून काढावा लागला.

कंपनीच्या साहेबांनी कागदावर 'चालकाची चूक' असं लिहिलं. दादाच्या मेकॅनिकने गाडी गोगलगायीच्या चालीने खाली आणली. दादाने वाकून टॉर्च मारून पाहिलं आणि सांगितलं, गाडीत दोष नाही. मग दोष उरला कोणात, हे सांगायला ज्योतिषी नको होता. उस्ताद स्वतःचे दोन्ही हात उताणे करून तासन् तास बघत बसायचा. रात्री झोपेत त्याची टाच गादीवर दाबली जायची, ब्रेक दाबल्यासारखी. तीन महिने हे चाललं होतं. मशीनवालीने समजूत घातली, रागावली, पाया पडली, डॉक्टरकडे नेलं. आभाळच फाटलं होतं, ती ठिगळ लावणार तरी किती!

आणि टाकीच्या प्रकारानंतर एका सकाळी त्याने घड्याळ काढून शेजाऱ्याला दिलं. चांगले, नवेकोरे बूट भंगारवाल्याला. मग ट्रकची चावी तिच्या मशीनवर ठेवून म्हणाला, "ही दादाला देऊन टाकू. म्हणजे मी मोकळा."

मोकळा! किती शांतपणे म्हणाला! तीन महिन्यांत इतका शांत तो कधी दिसला नव्हता.

"चल," ती म्हणाली, "दोघं मिळून देऊ." त्याला एकट्याला सोडायचा प्रश्नच नव्हता. गळ्यात अडकवलेला मापाचा टेपही काढायचं तिला सुचलं नाही.

गॅरेजचं आवार नुकतंच धुतलं होतं. दुसरी गाडी आत घ्यायची म्हणून मेकॅनिक तिच्याकडून चावी घेऊन, तीन महिने तिथेच उभा असलेला त्यांचा ट्रक बाजूला काढत होता. उस्ताद ट्रककडे पाठ करून जुन्या टायरच्या थप्पीवर बसला. दादा आत कोणाशी तरी फोनवर बोलत होता. ट्रक ओल्या जागेवरून सरळ कोरड्या फरशीवर गेला आणि मागे चाकांचे ओले पट्टे उमटले.

मशीनवाली त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. डावीकडे मागच्या चाकाचा पट्टा पुढच्या पट्ट्यापेक्षा दोन बोटं जास्तच बाहेर आला होता. उजवीकडे तेवढाच आत. पुन्हा पाहिलं. जन्म गेला होता तिचा कापड बघण्यात. आडवा धागा कुठला, उभा कुठला, आणि कापणाऱ्याचा हात कुठे वाकडा गेला, हे तिला हात न लावता कळायचं. ही गाडी सरळ पुढे जातच नव्हती. ती उरेब, तिरक्या धाग्यावर कापलेल्या कापडासारखी, चालली होती.

ती साडी खोचून ट्रकखाली शिरली. लहानपणी वडिलांसाठी टॉर्च धरून ती याच फरशीवर पालथी पडायची, त्यामुळे माप कुठून कुठे घ्यायचं ते तिला ठाऊक होतं. पाट्याच्या पुढच्या टोकाची पिन चेसिसला पक्की असते, ती हलत नाही. तिथून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत टेप धरला. उजवीकडे सव्वासत्तावीस. डावीकडे अठ्ठावीस. पुन्हा मोजलं. अठ्ठावीस.

बाहेर येऊन तिने हाक मारली, "दादा, बाहेर ये. अंगण खरंच वाकडं आहे."

"काय झालं, चिमे?"

"डावीकडून अ‍ॅक्सल पाऊण इंच मागे आहे."

दादाने तिच्या गळ्याकडे पाहिलं. "शिलाईच्या टेपने ट्रक मोजलास?"

"टेपला काय ठाऊक, कापड आहे का लोखंड! तू तुझ्या टेपने मोज."

तो कुरकुरत खाली गेला. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला त्याला फार वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मेकॅनिकला त्याने जेवायला पाठवलं आणि फाटक आतून लावून घेतलं.

चेसिस जॅकवर उचलून त्याने खाली टेकूच्या घोड्या लावल्या आणि डाव्या बाजूचे, पाटे आणि ठोकळा आवळून धरणारे यू-बोल्ट सोडवले. नट हातानेच फिरले, इतके ढिले. ठोकळा बाहेर आला आणि त्याबरोबर एक लोखंडी तुकडा टणकन् फरशीवर पडला. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं ते डोकं होतं. ते ठोकळ्याच्या भोकात घट्ट बसायचं असतं, त्याच्या आधारानेच अ‍ॅक्सल जागेवर राहतो. इथे भोक मोठं होतं. त्यात हलून हलून बोल्ट झिजला होता, आणि त्या वळणावर ब्रेक दाबताच तुटला होता.

"हा ठोकळा दुसऱ्या गाडीचा आहे," मशीनवाली म्हणाली.

दादाने ठोकळा फडक्याने पुसायला घेतला.

"दादा!"

"एक कमी पडला होता," तो म्हणाला. "म्हटलं, यू-बोल्ट आवळलेत, कुठे जातोय. आणि दोनशे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा आवळायचे असतात. ते सांगायचं राहिलं."

"राहिलं? एका माणसाचा पाय गेला! आणि हा माणूस तीन महिने..." टाकीचं तिने अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. झाकणासकट सगळं सांगितलं. दादा ठोकळा हातात घेऊन मटकन् खाली बसला.

ती नवऱ्याकडे वळली. तिला वाटलं होतं, आता तो उठेल, भावाची गचांडी धरेल, निदान रडेल तरी. तुटलेलं डोकं तिने त्याच्या तळहातावर ठेवलं. "बघ. हे बघ ना. तुझे हात नव्हते. तुझी चूक नव्हती."

त्याने तो तुकडा उलटसुलट केला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी तिरकी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाठीला कळत होतं, बुडाला कळत होतं. चार माणसं हसली म्हणून मी गप्प बसलो. मामाने एकदा विचारलंसुद्धा, उस्ताद, स्टिअरिंग असं का धरलंय? म्हटलं, काही नाही, सवय." तुकडा त्याने मुठीत आवळला. "तुझा भाऊ चुकला. पण त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

जो दोर टाकून त्याला वर ओढायचं, तोच त्याने गळ्याभोवती घेतला होता. मग तिने तेच केलं, जे ती कापड बिघडलं की करत आली होती. आधी उसवायचं, मग नीट शिवायचं. रडायचं त्यानंतर.

"दादा, ऊठ. बरोबर मापाचा ठोकळा काढ. नवा बोल्ट काढ."

दादा उठला, पण बोल्ट त्याच्या हातून दोनदा खाली पडला. शेवटी पाटे तिने शिकंज्यात दाबून धरले आणि बोल्ट तिनेच ओवला. ठोकळा बसला. आता अ‍ॅक्सल पुढे ओढायचा होता. दादाने चेन-पुली लावली. दोन्ही बाजूंना ओळंबे सोडून तिने फरशीवर खडूने खुणा केल्या. पण एकाने साखळी ओढायची, दुसऱ्याने पहारीने अ‍ॅक्सल रेटायचा, मग खुणेकडे बघणार कोण? फाटक बंद. चौथं माणूस नाही. दोनदा ओढलं, दोनदा अ‍ॅक्सल खुणेच्या पुढे निघून गेला.

"मला नाही जमत," दादा साखळी सोडून म्हणाला. "चिमे, मला नाही जमत गं."

"जमायला पाहिजे!" ती ओरडली. पहार तिच्या हातातून निसटली आणि बोटं सोलवटली. रक्त बघूनही तिने ती पुन्हा उचलली.

तेव्हा टायरच्या थप्पीवरून आवाज आला, "सावकाश. अजून दोन सूत."

दोघांनी वळून पाहिलं नाही. दादाने साखळी एक कडी ओढली.

"अजून एक. थांब. मागे नको सोडूस... बस."

तो कधी उठला आणि कधी ओळंब्याजवळ उकिडवा बसला, ते तिला कळलंच नाही. ठोकळ्याच्या भोकात बोल्ट खट् करून बसला. मग उस्तादने दादाच्या हातातून पाना काढून घेतला आणि यू-बोल्टचे नट एकाआड एक, समोरासमोरचे, आवळले. पुन्हा आवळले. उजव्या बाजूचेही आवळले. दोन्हीकडे सव्वासत्तावीस. कर्णाची मापंही जुळली.

ट्रक त्याने चालवला नाही. दादाने चालवला. तिघे पुढे बसले आणि दुपार कलताना मामाच्या घरी पोचले. वाटेत स्टिअरिंग सरळ होतं.

मामाच्या बायकोने दार उघडलं, तिघांना पाहिलं आणि लोटून घेतलं. आतून मामाचा आवाज आला, "येऊ दे." दार पुन्हा उघडलं.

मामा खाटेवर बसला होता. लुंगीची एक बाजू चपटी होती. दादाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ठोकळा, भोक, ढिले नट. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर त्याने हात जोडले. मामाने त्या हातांकडे पाहिलं नाही.

"किती सरकला होता?"

"पाऊण इंच."

मामाने अंगठा आणि तर्जनीमध्ये तेवढं अंतर धरलं आणि बराच वेळ त्यातून जमिनीकडे बघत राहिला. मग उस्तादला म्हणाला, "तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"सांगितलं असतंस तर मी खाली वाकून बघितलं असतं. डोळे होते मला." त्याचा आवाज चढला. "अरे, चौदा वर्षं! जगाने हसू दे, मी हसलो असतो का?"

उस्ताद उभा राहिला. मान खाली नव्हती, पण एक हात त्याने भिंतीला टेकला होता. मशीनवालीला वाटलं, हा आता इथेच कोसळणार. धरायला ती एक पाऊल पुढे झाली. मामाच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"जा आता," मामा म्हणाला. "मला तुमच्याशी बोलायचं नाही."

ते उंबऱ्यापर्यंत गेले. दादा आधीच पायरीवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून.

"ऐक," आतून मामा म्हणाला. नाव घेतलं नाही, पण कोणाला ते कळत होतं. "उद्या दवाखान्यात पायाचं माप द्यायचंय. नकली पायाचं. रिक्षात मला बसता येत नाही."

उस्ताद उंबऱ्यावरच थांबला.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

"नऊला. आणि हळू चालव."

तो नुसता "बरं" म्हणाला. रस्त्यावर आल्यावर मात्र त्याने ट्रकच्या दाराची मूठ धरली आणि तसाच उभा राहिला, खांदे गदगदत. चढायला त्याला खूप वेळ लागला. तिने घाई केली नाही.