वाल्मिकची खुर्ची

किन्हवलीत इंग्रजी सिनेमा लावायचा म्हणजे टीव्हीशेजारी एक खुर्ची ठेवायची आणि तिच्यावर वाल्मिकनं बसायचं, हा पंधरा वर्षांचा रिवाज. तरुणपणी दोन वर्षं तो कल्याणच्या एका थिएटरात दारावर तिकिटं फाडायला होता. तेवढ्यावर गावानं त्याला इंग्रजीचा जाणकार ठरवून टाकलं. पडद्यावरचे गोरे बोलायचे आणि वाल्मिक ते मराठीत सांगायचा. खरं तर येस-नोच्या पुढचं त्याला अक्षर कळत नव्हतं. तो चेहरे बघायचा आणि बेधडक ठोकून द्यायचा. कोरलेली दाढी दिसली की व्हिलन, आणि शेवटी सगळे सुखरूप घरी. बायामाणसं खूश होऊन उठायची.

दोन हजार एक सालच्या त्या रविवारी दुपारी मात्र गावात सिनेमे लावणाऱ्या सुयोगनं घोळ घातला. त्यानं शहापूरहून भाड्यानं प्लेअर आणला, शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, अंतराळमोहिमेचा सिनेमा लावायला घेतला आणि जाहीर केलं, की आज भूमिका सांगेल, ती कॉलेजात सायन्सला आहे. भूमिका ही वाल्मिकचीच मुलगी. बापाकडे बघत ती नको नको म्हणाली, पण सगळ्यांनी आग्रह धरला. वाल्मिकलाही चारचौघांत हसून मान डोलवावी लागली. मग तो मागे जाऊन भिंतीला टेकून बसला, आणि आतून नुसता जळत राहिला.

सिनेमाही मेला असा, की मारामारी नाही, गाणं नाही, एक दाढीवाला नाही. चार माणसं यानात बसून कुठल्याशा ग्रहाकडे निघालेली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलेली. आता कंटाळतील, असं वाल्मिक मनात म्हणाला. कोणी कंटाळलं नाही. भूमिका सावकाश सांगत होती. यानातला बाप पृथ्वीवरच्या मुलीशी बोलतो, पण त्याचा शब्द तिथं पोचायला पाऊण तास लागतो, आणि तिचं उत्तर यायला आणखी पाऊण तास. कशी आहेस विचारायचं आणि दीड तास वाट बघायची. बायका हळहळल्या. वाल्मिकच्या सांगण्यावर लोक हसायचे, टाळ्या द्यायचे, पण असं श्वास रोखून कोणी कधी ऐकलं नव्हतं. पोटच्या पोरीचा हेवा करतोस, लाज वाटू दे, असं त्यानं स्वतःला बजावलं. लाज वाटली. हेवा तसूभरही कमी झाला नाही.

शेवटी यानात हवा तिघांपुरतीच उरली. बाप मुलीला उद्देशून काहीतरी बोलला आणि एकटाच दार उघडून बाहेर गेला. तो परत येत नाही, असं भूमिकानं सांगितलं, आणि सिनेमा संपला.

कोणी जागचं हलेना. मग पुढ्यात बसलेली गंगी म्हातारी पदरानं डोळे पुसत कुरकुरली, "वाल्मिक सांगाया असता तं त्याला घरी आणला असता."

वाल्मिकला तेवढं निमित्त पुरलं. तो उभा राहिला. "येतो ना तो परत. लास्टला तेच बोलला, दुसऱ्या यानातनं येतो म्हणून. हिला नीट कळलं नाय. पुस्तकातलं इंग्रजी येगळं, शिनेमातलं येगळं."

माणसं एकदम सैलावली. सुयोगला मात्र शंका आली. तो भूमिकाकडे वळला. "काय गो, खरं कोणाचं?"

वाल्मिकच्या तोंडचं पाणी पळालं. लहानपणी ही पोर सिनेमा संपला की त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. आठवीत गेल्यापासून तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता. ती मोठी झाली, असंच तो समजत आला होता. तिला सगळं कधीच कळलं होतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"बाबांचं खरं," भूमिका म्हणाली. "माझीच ऐकण्यात चूक झाली."

गंगी म्हातारी हसली. उठता उठता लोकांनी वाल्मिकच्या पाठीवर थापा मारल्या, शेवटी जुनं ते जुनंच म्हणाले. भूमिका खाली वाकून प्लेअरची वायर गुंडाळत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, की उपकार केल्याचा भावही नव्हता. चेहरे वाचण्यात वाल्मिक कधी चुकत नसे.

पंधरा वर्षांत तो खंडीभर खोटं बोलला होता, पण त्यातलं एकही दुसऱ्या कोणासाठी नव्हतं. पोर आज एकदाच खोटं बोलली, तेही त्याच्यासाठी. पोरीच्या इंग्रजीचा हेवा त्यानं एक वेळ गिळला असता. हा नवा कसा गिळायचा, ते त्याला कळेना.