दुखऱ्या दिवसांची पानं

जिन्याच्या नवव्या पायरीवर विद्याधरराव थांबले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. पायात रबरी स्लिपर होती, ही गोष्ट वेगळी.

"पुन्हा दुखतंय ना?" वरून कुमुदिनीबाई म्हणाल्या. "खालीच दवाखान्यात डॉक्टर गुरुमूर्ती बसलेत. दाखवा की!"

"हळू बोल! त्यांच्या कानावर गेलं तर लिहून ठेवतील. अकराच दिवस राहिलेत."

चौतीस वर्षं गोदामातले कागद सांभाळलेला हा माणूस. कागदावर नाही ते जगात नाही, हा त्यांचा वेद. विमा नव्हता तेव्हा डास चावला तरी ते डॉक्टर गाठत. दवाखान्यातलं लाकडी बाक त्यांच्या बैठकीनं खोलगट झालं, हे सारी तिरुवल्लिकेणी पेठ शपथेवर सांगेल. विमा घेतला आणि तो रस्ताच बंद झाला. एजंट म्हणाला होता, "जुन्या आजाराला तीन वर्षं थांबायचं, सर." तेव्हापासून डॉक्टरांच्या पेनाची अशी धास्ती, की समोरून गुरुमूर्ती दिसले की राव देवळात शिरत. इतक्यांदा शिरले, की देवालाही संशय आला असेल.

पण पलंगावर पडलं की विनोद संपे. छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं होई. मरणाचं भय एकीकडे, कागदाचं दुसरीकडे. मधे ते श्वास मोजत पडून राहत.

त्याच संध्याकाळी कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडता फाडता ते भिंतीला टेकले आणि घसरत खाली बसले. सदरा घामानं भिजला. कुमुदिनीबाईंनी ओरडूनच डॉक्टरांना वर बोलावलं.

छाती तपासून गुरुमूर्तींनी आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला, जिभेखाली गोळी ठेवली. मग तंजावरी मराठीच्या हेलात विचारलं, "कधीपासून हे?"

रावांनी डोळ्यांनीच बायकोला 'नको' असं खुणावलं.

कुमुदिनीबाईंनी कपाटातून बिस्किटांचा डबा आणून उपडा केला. कॅलेंडरची फाडलेली पानं. जेवढे दिवस दुखलं, तेवढी. क्लार्कची सवय, दुसरं काय! डॉक्टरांनी सगळ्यांत जुनं पान शोधलं.

"गेल्या पोंगलचं. आणि पॉलिसी?"

"अकरा दिवसांनी तीन वर्षं होतील," बाई म्हणाल्या.

"अय्यो, राव! थांबायचं ते पॉलिसीच्या आधीच्या दुखण्याला. हे नंतरचं. पहिल्या दिवशीच यायचं होतं!"

राव त्या पानाकडे बघत राहिले. मग पुटपुटले, "लिहा डॉक्टर. सगळं लिहा."

त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. नवव्या पायरीवर त्यांनी हात वर केला. उचलणारे थांबले, मग पुढे निघाले.

कुलूप लावायला कुमुदिनीबाई मागे राहिल्या. भिंतीवर आजचं पान अर्धवट फाटून लोंबत होतं. त्यांनी ते अलगद काढलं, घडी घालून डब्यात ठेवलं. खालून उद्याची तारीख वर आली. तिच्याकडे न बघता त्यांनी दार ओढून घेतलं.