सगळ्यांचे हात वर

वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत बचत गटाने त्यांची गैरहजेरी लावली.

"अहो मामी, ते गेले," मी म्हणाले. मामी कोंबड्या पाळतात आणि गटाच्या अध्यक्ष आहेत.

"ठाऊक आहे गं, मातीला होतो की आम्ही. पण गटातून कुठे गेलेत अजून?"

गोदामाच्या मागच्या खोलीत टेबलावर गटाच्या पैशांची तीन कुलपांची पेटी होती. तिसरी किल्ली वडिलांची, आता माझ्या पर्समध्ये. पण ती सदस्यानेच फिरवायची, असा नियम. पेटी उघडली नाही तर कुणालाच बियाणं मिळणार नव्हतं, आणि वडिलांनी नांगरून ठेवलेलं शेत तसंच पडून राहणार होतं. म्हणून मला सदस्य व्हायचं होतं. त्यासाठी जागा रिकामी हवी, आणि ती रिकामी करायला सगळ्यांचे हात वर हवेत. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचाही.

"ते असते तरी हात वर केला नसता," कोबीवाले काका म्हणाले. "जन्मात कशाला हो म्हणाले?"

"मग तुमचे ठराव व्हायचे कसे?"

"थांबायचो. कधीतरी डोकं खाजवायला हात जायचाच वर. गेला की मामी म्हणायच्या, मंजूर!"

"त्यांना कळायचं नाही?"

"न कळायला काय झालं? आधी टोपी काढून ठेवायचे."

घरी ते नाही म्हणाले की विषय संपायचा. इथे लोक थांबत.

"पण ते गटात आले कशाला? स्वतःच्या खिशावरही त्यांचा भरवसा नव्हता."

"मी मागे लागले म्हणून," मामी म्हणाल्या.

"छे! शेजाऱ्याने गटाच्या पैशातून पंप घेतला, तो डोळ्यांत खुपला," काका म्हणाले.

"तुझी आई गेल्यावर भांडायला माणूस उरलं नव्हतं," लोहार म्हणाला.

यावर एकमत होईना. मामींनी विषय आवरला. "चला, हात वर करा. मोकळं करू त्यांना."

सगळ्यांचे हात वर गेले. सगळे रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. लोहाराने एका हाताला दुसऱ्याचा टेकू दिला.

"पोरी, त्यांच्या वतीने तू कर," काका म्हणाले.

माझा हात वर जाईना.

"बापावर गेलीय," लोहार पुटपुटला.

"बियाणं हवंय ना?" मामींनी विचारलं.

"हवंय. पण त्यांना असू द्या. त्यांच्याच जागेवर मलाही घ्या. जागा एक, माणसं दोन."

मामींनी बराच विचार केला. "काढायला सगळे लागतात, घ्यायला बहुमत पुरतं. पण गटात का यायचंय, ते सांगावं लागतं."

बियाण्यासाठी, असं म्हणता आलं असतं.

"इथे ते अजून सदस्य आहेत, म्हणून."

सगळ्यांचे हात अजून वरच होते. शेवटी लोहार खेकसला, "मामी, हात गळून पडायची वेळ आली. मंजूर म्हणा कशाला तरी!"

"मंजूर!"

मी किल्ली फिरवली. मग वडिलांच्या खुर्चीवर कडेला टेकले.

"ऐसपैस बस की," काका म्हणाले.

"नको," मी म्हणाले. "ते भांडतील."