ओढू नका, लागलंय!

अहो, ओढू नका! लागलंय म्हणतो ना! मी कुलूप बोलतोय. लागणं हे एकच काम मला येतं आणि ते मी जन्मात कधी चुकवलं नाही. तरी तुम्ही लोक काय करता? मला दाबता, खट्ट आवाज कानानं ऐकता, आणि वर दोनदा ओढून बघता. चार पावलं जाता, परत येता, पुन्हा ओढता. जेवण झाल्यावर पोटाला कुणी विचारतं का, की बाबा रे, घास नक्की पोचला ना? मग माझ्याच मागं ही पीडा का?

माझा जन्म अलिगढचा. पितळी अंग, बोटाएवढी जाड पोलादी दांडी. लागायला किल्लीसुद्धा लागत नाही, नुसतं दाबलं की झालं. उघडायला मात्र किल्लीच पाहिजे. तिथून खोक्यात बसून मी या शहरात आलो. तेव्हा याला औरंगाबाद म्हणायचे, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. शहागंजातल्या एका दुकानातून मला बद्रीनाथ नावाच्या माणसानं विकत घेतलं. त्यांची पुंडलिकनगरात पिठाची गिरणी होती, तिच्या शटरला मी लागलो.

गिरणीचं कुलूप होणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. ज्वारी, बाजरी, हळद, सगळं माझ्या नाकातोंडात. मिरची दळली त्या दिवशी तर मला शिंका देता आल्या असत्या तर मी शटर उडवलं असतं. पण बद्रीनाथ माणूस भला. अधूनमधून तेलाचा थेंब द्यायचे. रोज संध्याकाळी शटर ओढून मला लावायचे, दोनदा खट्‌खट् ओढायचे, मग तळहातानं एक थाप मारायचे आणि म्हणायचे, "सांभाळ बरं."

ओढण्याचा राग यायचाच. पण थापेचा यायचा नाही, हेही खरं सांगतो.

मग बद्रीनाथ आजारी पडले आणि त्या आजारातच गेले. गिरणी काही दिवस त्यांच्या बायकोनं, आशाबाईनं चालवली. पुढं लोक तयार पीठ आणायला लागले, गिरणी बंद झाली. मुलगा शेंद्र्याला कंपनीत लागलेला. तो म्हणाला, "आई, भंगारात देऊन टाक हे कुलूप. नवीन आणतो." आशाबाईनं मला उचललं आणि घराच्या दाराला लावलं. लावलं ते लावलं, वर दोनदा ओढलं. नवऱ्याची दुसरी कुठली सवय नाही, नेमकी हीच उचलली बाईनं! थाप मात्र नाही. 'सांभाळ बरं' तर नाहीच नाही. नुसती ओढाओढ.

एवढ्यावर थांबली असती तरी मी गप्प बसलो असतो. पण बाई मला घेऊन स्पेनला गेली.

खरं म्हणजे स्पेनचं खूळ शमशादबाईंचं. त्या उर्दू शाळेत इतिहास शिकवायच्या. पहिल्यापासून आमच्या गिरणीच्या गिऱ्हाईक. दळण व्हायचं आणि दोघींच्या गप्पाही व्हायच्या. आशाबाई त्यांना आपा म्हणायची. ग्रानादा नावाच्या गावात एक जुना राजवाडा आहे, त्याच्या चौकात दगडी सिंहांचं कारंजं आहे. त्या कारंज्याचं चित्र वर्गातल्या भिंतीवर लावून शमशादबाई वर्षानुवर्षं शिकवत आल्या. दर वर्षी कुणीतरी पोर विचारायचंच, "टीचर, आपने देखा है?" आणि दर वर्षी त्या म्हणायच्या, "नहीं बेटा." निवृत्त झाल्या त्या दिवशी गिरणीच्या बंद शटरपुढं उभं राहून म्हणाल्या, "आशा, बाकी काही नको गं. एकदा ते सिंह बघायचेत. हर साल नहीं बोलते बोलते थक गई मैं."

तिसरी मैत्रीण मनकर्णाबाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त, मोबाईलवर सगळी दुनिया फिरून आलेली. तिनं स्वस्तातलं विमान शोधलं, स्वस्तातली वसतिगृहं शोधली. एका खोलीत आठ जण, पलंगावर पलंग. "आपण काय तिथं झोपायला चाललोय का?" म्हणाली. पाठीवर मावेल तेवढंच सामान घ्यायचं ठरलं. आशाबाईच्या पाठीवर काय होतं? दोन साड्या, स्वेटर, थालीपिठाच्या भाजणीचा स्टीलचा डबा आणि मी. माझी दुसरी किल्ली पुंडलिकनगरात देवघरात ठेवली. वा! सातासमुद्रापलीकडं जायचं आणि जादाची किल्ली देवाजवळ! डोक्याला ताप नुसता.

बार्सिलोनाला उतरलो. तिथल्या वसतिगृहात पलंगाखाली लोखंडी जाळीचा पेटारा असतो, त्यात सामान ठेवायचं आणि आपलं कुलूप लावायचं. बाकीच्या पोरापोरींची कुलपं पाहिली. सुपारीएवढी! मी कोयंड्यात शिरलो तेव्हा सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. मला जरा बरं वाटलं, कशाला खोटं बोला.

पण बाईनं ओढलं. दोनदा. जिन्यापर्यंत गेली, परत आली, ओढलं. शमशादबाई खालून ओरडल्या, "अरे मेरी माँ, लग गया वो! कित्ते बार खींचती तू?"

"आपा, परका मुलूख हाय. बघितलेलं बरं."

"तुझ्या या बघण्यात आपलं बघायचं राहून जाईल," मनकर्णाबाई म्हणाली. तिला तेव्हा काय माहीत, आपल्या तोंडून काय निघालं ते.

बार्सिलोनात पाकीटमार फार, असं मनकर्णाबाईनं मोबाईलवर वाचून दाखवलं होतं. त्यातच मेट्रोमध्ये कुणा गोऱ्या माणसाचं पाकीट मारलेलं आशाबाईनं डोळ्यांनी पाहिलं. झालं! बाईच्या गळ्यातल्या बटव्यात किल्ली होती, ती तिला तिथं सुरक्षित वाटेना. मग तिनं काय करावं? घरी सोन्याचे मणी तुरीच्या डाळीत पुरून ठेवते, तसं तिनं माझी किल्ली भाजणीच्या डब्यात खुपसली आणि डबा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फळीवर ठेवला. इथल्या चोराला भाजणी म्हणजे काय ते कुठं कळतंय! कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. "भिंतीला पण कान असत्यात," असं स्वतःशीच पुटपुटली. अगं, इथल्या भिंतींना मराठी येतं का!

बार्सिलोनात ही युक्ती चालली, माद्रिदलाही चालली. तिन्ही बाया रोज चालून चालून पाय धरून बसायच्या, बाकड्यावर बसून थालीपीठ खायच्या, दुपारी दुकानं बंद बघून चिडायच्या. "भर दुपारी दुकान बंद करून झोपत्यात, आन् म्हणं सुधारलेला देश," आशाबाई म्हणायची. संध्याकाळी बाई डब्यात हात घालायची, पीठ लागलेली किल्ली काढायची आणि मला उघडायची. इतक्या वर्षांनी माझ्या पोटात पुन्हा पीठ! नशीब कुणाचं कुठं आडवं येईल सांगता येत नाही.

मग ग्रानादा. राजवाड्यात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती टळली की दार बंद, आणि पुढच्या कितीतरी दिवसांची तिकिटं संपलेली. दुसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी होती. म्हणजे सिंह दिसले तर त्या सकाळी, नाहीतर नाहीच. शमशादबाई पहाटेच नमाज पढून, इस्त्रीची ओढणी घेऊन तयार. पलंगाच्या कडेला बसून चष्मा पुसत होत्या. पुसलेलाच पुन्हा पुसत होत्या.

आशाबाईनं मला उघडलं, किल्ली पुन्हा भाजणीत खुपसली, थालीपीठं लावली आणि न्हायला गेली. मनकर्णाबाई स्वभावानं टापटिपीची. तिनं ओटा पुसला, तवा घासला, भाजणीचा डबा घट्ट झाकला आणि आणून पेटाऱ्यात, बॅगेत ठेवला. डबा माझ्या नाकासमोरून गेला. आत माझी किल्ली खुळखुळली. आपल्या किल्लीचा आवाज मला कळणार नाही का? मी जीव तोडून ओरडलो, अगं बाई, तो डबा बाहेर काढ! पण कुलपाचं कोण ऐकतं?

तेवढ्यात ओले केस झटकत आशाबाई आली. पेटारा ढकलला, मला कोयंड्यात घातलं, दाबलं. खट्ट! आणि ओढलं. दोनदा. इतका संताप मला उभ्या जन्मात आला नव्हता. ओढ, अजून ओढ! लागलंय, पक्कं लागलंय, आता बस बोंबलत!

तिघी खाली उतरल्या आणि लगेच धावत वर आल्या. काउंटरवर पिलार नावाची जाडजूड बाई होती. तिनं मोबाईलमधल्या भाषांतरातून त्यांना समजावलं होतं, की राजवाड्यात पासपोर्ट अस्सल लागतो, झेरॉक्स चालत नाही. पासपोर्ट पेटाऱ्यात. आशाबाई स्वयंपाकघरात गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. तिचा चेहरा पिठासारखा झालेला.

"मने, डबा कुठाय?"

"भाजणीचा? बॅगेत ठेवला की. का गं?"

"त्यात किल्ली व्हती."

"भाजणीत? किल्ली?" मनकर्णाबाई पेटाऱ्याच्या जाळीला डोळा लावून बघायला लागली. "काय बाई म्हणावं तुला! सांगायचं तरी!"

"तू तरी विचारायचं ना डबा उचलताना!"

"डबा उचलायला परवानगी काढू का तुझी?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, इथं तर कळसाच कुलपात. दोघी भांडत होत्या, घड्याळ पळत होतं. शमशादबाई भांडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून मिटला आणि हळूच म्हणाल्या, "जाऊ दे आशा. तस्वीर तो देखी है ना."

शिव्या दिल्या असत्या तर आशाबाईनं सहन केल्या असत्या, हे सहन होईना. ती जिन्याकडं धावली आणि पिलारला हाताला धरून वर घेऊन आली. पिलारच्या हातात लांब दांड्यांची लोखंडी कात्री होती, हरवलेल्या किल्ल्यांच्या कुलपांसाठी ठेवलेली.

कात्रीचा जबडा माझ्या दांडीला लागला तशी आशाबाई ओरडली, "थांबा!"

मला वाटलं, आहे, आपल्या बाजूचं कुणीतरी आहे! शमशादबाई म्हणाल्या, "नको तोडू आशा. भाईसाहेबांचं कुलूप आहे ते."

आशाबाई गुडघ्यावर बसली. मला मुठीत धरलं, दोनदा ओढलं, खट्‌खट्. आणि मग, बद्रीनाथ गेल्यापासून पहिल्यांदा, तळहातानं माझ्यावर थाप मारली.

"लई सांभाळलंस," ती म्हणाली. "आता सोड."

तेव्हा मला कळलं. बाई मला कधी तपासत नव्हतीच. नवऱ्याचा हात जिथं पडायचा तिथं रोज आपला हात ठेवत होती. थापेपर्यंत यायची आणि तिला पुढं जमायचं नाही. आणि मी मूर्ख, इतकी वर्षं चिडचिड करत बसलो.

पिलारनं जोर लावला. सुपारीएवढी कुलपं तोडणारी ती कात्री, माझ्यावर नुसती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. मग एका दांड्याला पिलार आणि मनकर्णाबाई, दुसऱ्याला आशाबाई. न तुटणं हीच माझी अब्रू, पण त्या क्षणी मीच मला म्हणालो, तूट की मेल्या, तूट! त्या सिंहांपायी तूट!

तुटलो.

पासपोर्ट निघाले. तिघी धावल्या. दारापर्यंत गेलेली आशाबाई सवयीनं परत आली आणि पेटाऱ्यापाशी हात लांबवून थबकली. "अब क्या खींचेगी?" जिन्यातून शमशादबाई ओरडल्या. बाईनं मला तुटक्या दांडीसकट उचलून पिशवीत टाकलं. सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच टॅक्सी केली. मनकर्णाबाईचं तोंड त्या खर्चानं एवढंसं झालं. दार बंद होता होता आत शिरलेल्या शेवटच्या तिघी आमच्याच.

सिंह मी पिशवीच्या फटीतून पाहिले. शमशादबाई त्यांच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि एकदम हसायलाच लागल्या.

"काय झालं आपा?"

"अगं, छोटे आहेत गं! मी पोरांना हात पसरून दाखवायची, एवढे मोठे, एवढे मोठे! आता एकेकाला गाठून सांगावं लागेल मला."

आशाबाईनं पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे.

आता मी पुंडलिकनगरात दाराशेजारच्या खिडकीत बसलेला असतो. माझी दांडी दोन तुकड्यांत, भाजणीचं पीठ अजून पोटात. दाराला नवं कुलूप आलंय, आकडे फिरवून उघडायचं. शमशादबाईंनी आणून दिलं, किल्लीची भानगडच नको म्हणून. आशाबाई बाहेर जाते तेव्हा त्या पोराला दोनदा ओढते. तो बिचारा चिडतो, मला ऐकू येतं. चिडू दे. त्याला कळायला वेळ लागेल.

मग ती खिडकीच्या गजांतून हात आत घालते, माझ्यावर थाप मारते आणि म्हणते, "सांभाळ बरं."

दांडी तुटलेलं कुलूप काय सांभाळणार, कप्पाळ!

पण सांभाळतो.